आमदारांच्या यादीआधीची यादी

१९०३ च्या ऑक्टोबरमध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने आपल्या विधानसभेवर ४२ आमदार निवडून पाठवले. पक्षांच्या नावावर लढवली गेलेली तिथली ही पहिली निवडणूक. त्याआधी आमदार गटागटाने वावरत, सरकारं येत आणि पडत, आणि आजचा समर्थक पुढच्या अधिवेशनात समोरच्या बाकावर दिसे. आता हिशेब सरळ झाला: २२ कॉन्झर्व्हेटिव्ह, १७ लिबरल, उरलेले तिघे समाजवादी आणि मजूर. मुख्यमंत्री झाले रिचर्ड मॅकब्राइड. पेशाने वकील, वय अवघं बत्तीस, आणि याच प्रांतात जन्मलेले पहिले मुख्यमंत्री. बहुमत इतकं काठावरचं, की नानाइमोच्या कोळसा खाणींकडून आलेल्या समाजवादी आमदारांना सांभाळल्याशिवाय सरकार चालेना. त्यांचे म्होरके जेम्स हॉथॉर्नथ्वेट काही कच्चे नव्हते. सरकारची ही अडचण ओळखून त्यांनी खाणकामगारांसाठी आठ तासांचा कायदा पदरात पाडून घेतला.

पुढची कथाही रंगतदार आहे. १९०९ मध्ये मॅकब्राइड यांच्या पक्षाने ४२ पैकी ३८ जागा जिंकल्या. १९१२ मध्ये ३९ जिंकल्या आणि लिबरल पक्षाला भोपळाही फोडता आला नाही. १९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटत असताना या गृहस्थांनी सिएटलच्या गोदीतून दोन पाणबुड्या परस्पर विकत घेतल्या, आणि काही दिवसांपुरतं का होईना, एका प्रांताचं स्वतःचं आरमार झालं! कोण कुठून निवडून आलं, कोण किती मतांनी आपटलं, कोणाचा कोणाशी कधी बेबनाव झाला, हे वाचायला मला आवडतं. आमदारांच्या जुन्या याद्यांना एक चटक असते. महाराष्ट्रात ज्याने १९५२ पासूनच्या मतदारसंघांचे आकडे तोंडपाठ केलेत, त्याला हे वेगळं सांगायला नको.

पण अशा याद्या आपण चुकीच्या टोकाने वाचायला घेतो, अशी माझी तक्रार आहे. सभागृहात कोण बसलं हा शेवटचा प्रश्न झाला. त्याआधी, कोणाला मत देता येत होतं आणि हे ठरवत कोण होतं, ते विचारायला हवं. ब्रिटिश कोलंबियाच्या बाबतीत हे क्रमाने विचारलं तर रंगतदार कथेचा रंग उतरतो.

ते ४२ आमदार सगळे गोरे पुरुष होते. त्या काळी कॅनडाच्या कुठल्याच विधिमंडळात स्त्रिया नव्हत्या, ते सोडून देऊ. त्याकडे पुढे येतोच. १९०१ च्या जनगणनेत प्रांताची लोकसंख्या होती १,७८,६५७. त्यात चिनी सुमारे पंधरा हजार, जपानी साडेचार हजारांच्या आसपास, आणि ज्यांची ही मुळातली भूमी ते आदिवासी समाज पंचवीस हजारांहून अधिक. म्हणजे प्रांतातला साधारण चौथा माणूस मतदार यादीत येऊच शकत नव्हता. यादीत नाही म्हणून तो निवडणुकीला उभाही राहू शकत नव्हता. यातले बरेच चिनी-जपानी नागरिकत्व न घेतलेले होते, त्यामुळे तसेही मतदार झाले नसते, हा आक्षेप रास्त आहे. पण ज्यांनी रीतसर नागरिकत्व घेतलं होतं आणि जे कॅनडातच जन्मले होते, त्यांनाही कायद्याने वगळलं होतं. आदिवासींना तर कुठून येण्याचा प्रश्नच नव्हता. १८८१ च्या जनगणनेत प्रांतात ४९,४५९ माणसं होती आणि त्यातली निम्म्याहून थोडी जास्त आदिवासी. तरी त्याच्याही आधी, १८७० च्या दशकातच, चिनी आणि आदिवासी अशा दोघांनाही यादीतून काढून टाकलेलं होतं. बहुसंख्याकांना बाहेर ठेवून भरलेल्या त्या सभेला आपण बिनदिक्कत प्रातिनिधिक म्हणतो.

हे आपोआप घडलं नाही, टप्प्याटप्प्याने केलं गेलं. १८९५ मध्ये जपान्यांची पाळी आली, १९०७ मध्ये हिंदुस्थान्यांची. दर वेळी करणारं हेच सभागृह होतं.

जपान्यांच्या प्रकरणाकडे जरा जवळून पाहण्यासारखं आहे. १९०० च्या ऑक्टोबरमध्ये टोमेकिची होम्मा नावाचा गृहस्थ व्हँकुव्हरमधल्या मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे गेला आणि आपलं नाव यादीत घाला म्हणाला. तो १८८३ मध्ये जपानहून आलेला, रीतसर नागरिकत्व घेतलेला, फ्रेझर नदीच्या मुखाशी स्टीव्हस्टनला जपानी कोळ्यांची संघटना उभी करण्यात पुढे असलेला माणूस. आपल्याला नकार मिळणार हे त्याला ठाऊक होतं. तो नकार कागदावर मिळवायचा आणि कोर्टात जायचं, असा बेत होता. नकार मिळाला. खटला उभा राहिला. मुख्य न्यायाधीश मॅककॉल यांनी होम्माच्या बाजूने निकाल दिला. नावापुरते ब्रिटिश प्रजाजन, पण स्वतःच्या मालमत्तेबद्दलच्या आणि हक्कांबद्दलच्या कायद्यांत कायमचा काडीचाही वाटा नाही, अशी माणसं मोठ्या संख्येने प्रांतात राहणं कॅनडाच्या हिताचं नाही, असं मत त्यांनी नोंदवलं. १९०१ मध्ये प्रांताच्या वरिष्ठ न्यायालयानेही तोच निकाल उचलून धरला. मग सरकार लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे साम्राज्याच्या शेवटच्या अपील न्यायालयाकडे गेलं आणि १९०२ च्या डिसेंबरात होम्मा हरला. लॉर्ड हॉल्सबरी यांचं म्हणणं थोडक्यात असं: नागरिकत्व देणं केंद्राच्या हाती, पण मत कोणाला द्यायचं हे प्रांताच्या हाती, एखाद्या वंशाला वगळणं शहाणपणाचं की नाही, यात आम्ही पडणार नाही.

हा निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण ‘त्या काळी असंच चालायचं’ ही जी कायमची सबब पुढे केली जाते, ती इथेच फसते. त्याच काळातल्या, त्याच प्रांतातल्या, तितक्याच गोऱ्या न्यायाधीशांना ही गोष्ट चुकीची दिसत होती. रॉकी पर्वतांच्या पलीकडे गेलं तर आणखी नवल. नागरिकत्व घेतलेला चिनी किंवा जपानी माणूस अल्बर्टात किंवा ऑन्टारिओत मतदार होऊ शकत होता. १९०८ मध्ये सॅस्कॅचेवानने चिन्यांना वगळलं, तेवढा एक अपवाद. देश एकच, राणीनंतर राजा आला तोही एकच, सालही तेच. मग ‘काळ’ फक्त एकाच प्रांतात कसा काय मुक्कामाला होता? त्यातही १८९८ पासून केंद्राच्या निवडणुकीला प्रांतांच्याच याद्या वापरल्या जात. म्हणजे व्हिक्टोरियात, प्रांताच्या राजधानीत, नाव कापलं गेलं की देशाच्या राजधानीतलं, ओटावातलंही मत गेलं. मतदार म्हणून आगगाडीत बसलेला माणूस डोंगर ओलांडून बिनमताचा होऊन उतरे.

खरं कारण काळाचं नव्हतंच, ते मतमोजणीचं होतं. मासेमारीचा परवाना हवा तर नागरिकत्व लागे, म्हणून जपानी कोळी मोठ्या संख्येने नागरिक होत होते आणि ते एकाच भागात दाटीने राहत. लहान मतदारसंघांत निकाल थोड्याशा मतांनी फिरायचे. अशा ठिकाणी ही मतं यादीत आली असती तर आमदाराला त्यांच्या दारी जावं लागलं असतं. न आलेली बरी. आणि एकदा ती यादीबाहेर राहिली की त्यांच्याविरुद्ध कायदे करायला काही खर्च येत नाही. ज्याचं मत नाही त्याला शिव्या घालून ज्याचं आहे त्याची मतं मिळवणं, यापेक्षा स्वस्त राजकारण नाही. जवळपास प्रत्येक अधिवेशनात असलं एखादं विधेयक येई. बरीचशी केंद्र सरकार रद्द करी, कारण लंडनला जपानची मैत्री हवी होती. आणि आमदार पुन्हा आणत, कारण रद्द झाल्याचाही निवडणुकीत उपयोगच होई. लिबरल असो, कॉन्झर्व्हेटिव्ह असो, या एका बाबतीत पक्षभेद नव्हता. मजुरांच्या हक्कांसाठी भांडणारे समाजवादी आमदारही चिनी मजुराला मजूर मानायला तयार नव्हते.

आता १९०७. तोवर पंजाबातून माणसं येऊ लागली होती, बहुतेक शीख, त्यांतले कित्येक ब्रिटिश फौजेत नोकरी करून आलेले. १९०४ ते १९०८ या काळात साधारण पाच हजार. लाकडाच्या गिरण्यांत आणि रेल्वेच्या कामावर ती लागली. चिनी-जपान्यांविरुद्ध ‘हे परके आहेत’ असं निदान म्हणता तरी येई. ही माणसं राजाची प्रजा होती. त्यांना नागरिकत्व घ्यायची गरजच नव्हती. व्हँकुव्हरचे आमदार विल्यम बाउझर यांनी विधेयक मांडलं आणि निवडणूक कायद्यात ‘हिंदू’ हा नवा वगळलेला गट घातला गेला. त्याची व्याख्या अशी: ज्याचे आईवडील अँग्लो-सॅक्सन नाहीत असा हिंदुस्थानचा कोणीही मूळ रहिवासी, मग तो ब्रिटिश प्रजाजन असो वा नसो. शीख, मुसलमान, सगळेच एका शब्दात हिंदू झाले.

या व्याख्येतला ‘अँग्लो-सॅक्सन आईवडील’ हा तुकडा कोणी तरी डोकं लावून घातला आहे. नुसतं ‘हिंदुस्थानात जन्मलेले’ लिहिलं असतं तर पुण्याच्या कॅम्पात किंवा महाबळेश्वरला जन्मलेला, पुढे कॅनडात स्थायिक झालेला इंग्रज कर्नलचा मुलगाही मताला मुकला असता. त्याला सांभाळून घ्यायचं होतं. म्हणून परदेशी जन्म हा निकष नाही, भाषा येते का हा नाही, किती वर्षं राहिला हा नाही, कर भरतो का हाही नाही. ‘नवख्या माणसांना संसदीय रीतिभाती समजायला वेळ लागतो, म्हणून सावधगिरी बाळगली’ असा बचाव आजही अधूनमधून वाचायला मिळतो. तसं असतं तर कायद्याने मुदत घातली असती, परीक्षा घातली असती. कायद्याने फक्त रक्त तपासलं. अज्ञानातून असं नेमकं कलम लिहिता येत नाही.

एक नाव यादीतून गेल्याने काय काय गेलं, हेही बघावं. प्रांतात वकिली करायला किंवा औषधविक्रेता व्हायला मतदार असण्याची पात्रता लागे. नगरपालिकेची निवडणूक, ज्युरीत बसणं, सगळं त्याच यादीला बांधलेलं. व्हँकुव्हरमध्ये जन्मलेला, तिथेच शिकलेला चिनी मुलगा अभ्यासात कितीही हुशार असला तरी वकील व्हायला त्याला प्रांत सोडावा लागे. आणि विधानसभेत नेहमी कोण निवडून येतं? वकील. मॅकब्राइड वकील, बाउझर वकील. यादीतून नाव कापलं की आजचा मतदार तर जातोच. वीस वर्षांनी जो आमदार झाला असता त्याची वाटही तिथेच बंद होते. आमदारांच्या यादीत एखाद्या समाजाचं नाव पन्नास-पन्नास वर्षं दिसत नाही तेव्हा ‘त्यांच्यातून कोणी पुढे आलंच नाही’ असं म्हणायची पद्धत आहे. पुढे येण्याच्या पायऱ्याच काढून घेतल्या होत्या.

ज्यांना सभागृहाचा रस्ता बंद, त्यांनी इतर रस्ते धरले. १९१३ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या गदर चळवळीची मुळं पॅसिफिक किनाऱ्यावरच्या याच लाकूडगिरण्यांतल्या पंजाब्यांत होती. सीमेपलीकडे सिएटलला शिकायला गेलेला आपला तळेगाव ढमढेरेचा विष्णू गणेश पिंगळे त्यांच्यात सामील झाला आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरला कर्तारसिंग सराभांबरोबर फासावर गेला. १९१४ मध्ये ३७६ हिंदी प्रवासी घेऊन आलेलं कोमागाटा मारू जहाज, प्रवाशांना उतरू न दिल्याने, व्हँकुव्हरच्या बंदरात दोन महिने अडकून पडलं, त्याची हकिगत बहुतेकांना माहीत असते. तिथल्या एकाही आमदाराला या माणसांच्या भाऊबंदांचं मत मागायचं नव्हतं, ही गोष्ट त्या हकिगतीत सहसा येत नाही.

स्त्रियांचं प्रकरण वेगळ्या प्रकारे बोलकं आहे. १९१६ च्या निवडणुकीबरोबर पुरुष मतदारांचं सार्वमत झालं आणि १९१७ च्या एप्रिलमध्ये स्त्रियांना मत मिळालं. अर्थातच वगळलेल्या वंशांच्या स्त्रिया वगळून. जानेवारी १९१८ मध्ये मेरी एलन स्मिथ व्हँकुव्हरच्या पोटनिवडणुकीत निवडून आल्या, दिवंगत पती राल्फ स्मिथ यांच्या जागेवर. हे राल्फ स्मिथ एकेकाळचे खाणकामगार, नंतर प्रांताचे अर्थमंत्री. १९२१ मध्ये मेरी एलन मंत्रिमंडळात गेल्या. साऱ्या ब्रिटिश साम्राज्यातली ही पहिली स्त्री मंत्री. स्त्रिया आणि मुलांसाठी त्यांनी केलेलं काम खरंखुरं आहे, ते कमी लेखण्याचं कारण नाही. पण याच बाईंनी १९२४ मध्ये एक विधेयक मांडलं: एका घरात गोरी मोलकरीण आणि आशियाई नोकर एकत्र ठेवायला बंदी. ते मंजूर झालं नाही. कालपर्यंत स्वतः यादीबाहेर असलेली व्यक्ती आत आल्यावर बाकीच्यांसाठी दार उघडेल, ही आपली एक गोड समजूत आहे. ती व्यक्ती आता ज्यांच्या मतांवर उभी असते, ती मतं उरलेल्यांची नसतात.

१९२२ मध्ये पुण्याच्या सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे अध्यक्ष श्रीनिवास शास्त्री कॅनडात गेले. गोखल्यांच्या पश्चात संस्थेची धुरा त्यांच्याकडे आली होती. आदल्या वर्षी लंडनच्या साम्राज्य परिषदेत, साम्राज्यात कायदेशीरपणे स्थायिक झालेल्या हिंदी लोकांना नागरिकत्वाचे हक्क मिळावेत असा ठराव झाला होता, फक्त दक्षिण आफ्रिका त्याच्या बाहेर राहिली होती. तो ठराव हातात घेऊन शास्त्री वसाहतींचा दौरा करत होते. ब्रिटिश कोलंबियात तेव्हा हिंदी माणसं उरली होती हजाराच्या आसपास. एवढ्यांना मत दिल्याने सरकारं थोडीच कोसळणार होती! शास्त्र्यांच्या सौम्य, अस्खलित इंग्रजीचं सगळीकडे कौतुक झालं, भोजनसमारंभ झाले. हाती काही लागलं नाही. ओटावाने आपलं बोट प्रांताकडे दाखवलं आणि प्रांत जागचा हलला नाही.

पहिल्या महायुद्धात दोनशेहून अधिक जपानी-कॅनेडियन लढले. त्यांच्या प्रांताने भरती करून घेतलं नाही म्हणून ते अल्बर्टात जाऊन भरती झाले. पन्नासाहून जास्त मारले गेले. परत आलेल्यांनी मत मागितलं. १९२० मध्ये तसा प्रयत्न झाला, विरोध होताच गुंडाळला गेला. अखेर १९३१ मध्ये मसुमी मित्सुई हा पदकविजेता सार्जंट साथीदारांना घेऊन व्हिक्टोरियाला गेला, आणि फक्त माजी सैनिकांपुरता मताधिकार एका मताच्या फरकाने मंजूर झाला. एका मताच्या! फ्रान्सच्या चिखलात पोरं गमावून आलेल्यांना, त्यांच्या मतावर अवलंबून नसलेल्या माणसांची मनधरणी करावी लागली आणि ती जेमतेम फळली. पुढे १९४२ मध्ये याच मित्सुईला जपानी म्हणून घरादारातून उठवून छावणीत धाडलं गेलं. तेव्हा त्याने आपली पदकं जमिनीवर फेकली, असं सांगतात.

आणि त्याच १९३१ साली त्याच सभागृहाने दुखोबोरांचं मत काढून घेतलं. हे रशियातून आलेले, युद्धाला नकार देणारे, सरकारी शाळा आणि नोंदी नाकारणारे ख्रिस्ती शेतकरी. पक्के गोरे. त्यांना मत परत मिळायला १९५० चं दशक उजाडलं. वंशाच्या नावाखाली घडवलेलं हत्यार हाताशी आलं की ते वंशापुरतं राहत नाही, याला यापेक्षा स्वच्छ पुरावा सापडणार नाही. कागद तयार असतो, त्यावर फक्त नवीन गटाचं नाव लिहायचं असतं.

‘लोकशाहीनेच ही चूक नंतर दुरुस्त केली ना?’ असा एक युक्तिवाद उरतो. केली, खरं आहे. १९४७ मध्ये चिनी आणि हिंदी वंशाच्या लोकांना प्रांतिक मत मिळालं, १९४९ मध्ये जपानी आणि आदिवासींना. पण कशामुळे? दुसऱ्या महायुद्धानंतर वंशभेदाचं उघड समर्थन करणं अवघड झालं होतं, संयुक्त राष्ट्रांची सनद आली होती, हिंदुस्थान स्वतंत्र होत होता, कॅनडाचा स्वतःचा नागरिकत्व कायदा लागू झाला होता. आतून जो एक पक्ष आधीपासून बाजू घेत होता, त्या को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन या समाजवादी पक्षाचं १९३५ च्या निवडणुकीत काय झालं? ‘यांना मत म्हणजे चिन्या-जपान्यांना मताधिकार’ अशी जाहिरात लिबरल पक्षाने त्यांच्याविरुद्ध केली. दुरुस्ती व्हायला चाळीस ते सत्तर वर्षं लागली, आणि ती बाहेरच्या रेट्याने झाली. होम्मा १९४५ मध्ये स्लोकनच्या नजरकैद छावणीत मेला.

मग दोष कोणाचा धरायचा? अलीकडच्या वर्षांत ब्रिटिश कोलंबियाने माफी मागण्याचं काम बऱ्यापैकी मनावर घेतलं आहे. २००८ मध्ये विधानसभेने कोमागाटा मारूबद्दल माफीचा ठराव केला, २०१२ मध्ये जपानी-कॅनेडियनांची, २०१४ मध्ये चिनी-कॅनेडियनांची माफी मागितली. त्या वेळी शंभराहून अधिक भेदभावी कायदे आणि धोरणं शोधून काढण्यात आली. न्यू वेस्टमिन्स्टरमधल्या एका शाळेचं मॅकब्राइड हे नाव काढून तिला स्थानिक आदिवासी भाषेतलं नाव दिलं गेलं. माझा याला विरोध नाही. शाळेत जाणाऱ्या मुलांना रोज कोणाचं नाव वाचायला लावायचं, हे त्या गावाने ठरवावं. पण नाव पुसल्याने सगळा राग एका माणसावर निघून जातो आणि यंत्रणा बिनबोभाट सुटते. मॅकब्राइड नसते तर दुसरं कोणी असतं. त्यांच्या जागी लिबरल आले तेव्हाही यादी उघडली नाही. खोट माणसांत होतीच, पण तिच्याहून मोठी खोट रचनेत होती: जे यादीवर निवडून येतात त्यांच्याच हाती यादी कापण्याची कात्री, आणि वर न्यायालय म्हणतं की कात्री कशी चालवायची ते आम्ही विचारणार नाही.

आपल्याकडे ही खोट एका माणसाला लख्ख दिसली होती. घटनेच्या मूळ मसुद्यात प्रांतांच्या निवडणुकांसाठी वेगवेगळे आयोग होते. १५ जून १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीत ती तरतूद बदलून सगळ्या देशासाठी एकच निवडणूक आयोग सुचवला. कारणही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं: काही प्रांतांतली सरकारं आपल्या वंशाच्या, संस्कृतीच्या किंवा भाषेच्या नसलेल्या लोकांना मतदार यादीबाहेर ठेवत असल्याचं कानावर आलं आहे. शिवाय धर्म, वंश, जात किंवा लिंग एवढ्याच कारणावरून कोणाचंही नाव यादीतून वगळता येणार नाही, असं स्वतंत्र कलम घटनेत आलं. योगायोग असा, की त्याच दिवशी, १५ जून १९४९ ला, ब्रिटिश कोलंबियात निवडणूक होती. आदिवासींना मत मिळाल्यानंतरची ती पहिलीच, आणि अ‍ॅटलिन या उत्तरेकडच्या मतदारसंघातून निस्गा समाजाचे फ्रँक कॉल्डर निवडून आले. सरकारदरबारी आदिवासी म्हणून नोंद असलेले आणि कॅनडाच्या कोणत्याही विधिमंडळात पोहोचलेले ते पहिले. हिंदी वंशाचा पहिला आमदार, मो सिहोटा, व्हायला १९८६ उजाडलं. उज्जल दोसांज २००० मध्ये मुख्यमंत्री झाले.

कलम लिहून आणि आयोग नेमून आपण सुटलो, असं मी म्हणत नाही. आपल्याकडे यादीवरून आज काय वाद चालतात ते सगळे जाणतात, आणि त्यात कोणती बाजू खरी हा या लेखाचा विषय नाही. पण वाद होतो तेव्हा ‘किती नावं कापली’ याच्या आधी ‘कापण्याचा अधिकार कोणाचा, आणि ज्याचं नाव गेलं त्याने दाद कोणाकडे मागायची’ हे विचारायला हवं. होम्माने तेच विचारलं होतं. त्याला दोन न्यायालयांनी नीट उत्तर दिलं आणि तिसऱ्याने हात झटकले.

व्हिक्टोरियातल्या विधानसभेसाठी एक बिनखर्चाची सूचना आहे. प्रत्येक विधानसभेच्या आमदारांची यादी, तिच्या निवडणुकीचं वर्ष, मतदारसंघ, पक्ष, सगळं नीट जपलेलं आहे. १८७० च्या दशकापासून १९४९ पर्यंतच्या प्रत्येक यादीच्या शिरोभागी दोन ओळी वाढवाव्यात: या निवडणुकीत कायद्याने कोणाला मत नव्हतं, आणि आदल्या जनगणनेनुसार ते किती होते. माफीनाम्याची भाषा नको, विशेषणं नकोत. ‘१९०७: ४२ जागा’ याच्या शेजारी तेवढं छापलं की वाचणाऱ्याला पुढचं गणित स्वतः करता येईल. यावर ‘आमच्या पूर्वजांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करता’ अशी ओरड होणार हे उघड आहे. पण त्या पूर्वजांनी हे कायदे चोरून केले नव्हते. भर अधिवेशनात केले, राजपत्रात छापले आणि पुढच्या निवडणुकीच्या प्रचारात मिरवले.